सर्वलक्षणसंपन्न

"जुनी गाडी पारखणं आणि जुनी मूर्ती पारखणं यात तत्त्वतः काडीचाही फरक नाही!" भिंगकाका सकाळच्या चहाच्या वेळी म्हणाले, आणि म्हणताना त्यांनी चमचा असा उंच धरला, की जणू तोही पुराव्यादाखल सादर करायचा होता.

"तत्त्वतः नसेल," त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "पण मूर्तीत बसून मला गोठ्यावर जावं लागत नाही."

वाचकहो, या दांपत्याची ओळख आधी करून देणे उचित होईल. भिंगकाकांनी उभी हयात वस्तुसंग्रहालयात परीक्षक म्हणून वेचली होती. गळ्यात सदैव दोरीला बांधलेले भिंग असे, म्हणून पुतण्यांनी त्यांना हे नाव दिले आणि पुढे मूळ नाव केवळ वीजबिलापुरते उरले. त्यांची कीर्ती एका पितळी घंटेवर उभी होती. ती घंटा संग्रहालयात 'नक्कल' अशी पाटी मिरवीत वर्षानुवर्षे कोपऱ्यात धूळ खात पडली होती. भिंगकाकांनी तिच्या कडेवरची एक रेघ पाहिली आणि ती अस्सल असल्याचे सिद्ध केले. त्या दिवसापासून दोन गोष्टी त्यांच्या मनात वज्रलेप झाल्या : पाटीवर विश्वास ठेवू नये, आणि वस्तूला हात लावू नये. घंटा अस्सल ठरवतानाही त्यांनी ती एकदासुद्धा वाजवली नव्हती!

त्यांच्या पत्नी पशुवैद्य. सारा परिसर त्यांना डॉक्टरबाई म्हणे. अडलेल्या गाईपासून रुसलेल्या घोड्यापर्यंत सर्वांना त्यांचा धाक होता. विधात्याने त्यांना बुद्धी, धैर्य आणि मनगट मुक्तहस्ताने दिले. केवळ उंची देताना मात्र त्याने हात आखडता घेतला होता. आणि येथेच आपल्या कथेचे मूळ आहे. त्यांच्या जुन्या गाडीने नुकताच देह ठेवला होता. दूरदूरच्या गोठ्यांवर जायचे, तर दुसरी गाडी तातडीने हवी होती.

"हे बघा," डॉक्टरबाईंनी पिशवीत औषधे भरता भरता सांगितले, "एकाच गाडीचे तीन प्रकार येतात. बेस, मिड आणि टॉप. इंजिन एकच, बाहेरून रूपही एकच. बेसमध्ये सीट असते तिथेच असते. मिड आणि टॉपमध्ये सीटच्या कडेला एक दांडी असते. ती ओढली की सीट वर येते. मला सनरूफ नको, गाणी नकोत, चकचकाट नको. सीट वर आली पाहिजे. नाहीतर मला रस्ता स्टिअरिंगच्या चाकातून बघावा लागतो, आणि समोरच्याला वाटतं, गाडी एकटीच निघालीय!"

"मग उशी घे की."

"घेऊन झालीय! बसलं की ती दबते, आणि ब्रेक दाबला की उशी मागे नि मी पुढे. तुम्ही एवढंच करा : सीटवर बसा, दांडी ओढा, सीट वर येते का बघा. बस्स."

"अगं, ज्याला डोळे आहेत त्याला ओढाओढ कशाला हवी? लक्षणं बघायची!"

"लक्षणं बघा, नक्षत्रं बघा, काय हवं ते बघा. पण दांडी ओढा."

एवढे बोलून डॉक्टरबाई निघाल्या, आणि दाराशी ठेवलेल्या गठ्ठ्याला अडखळल्या.

"आणि हे तुमच्या ग्रंथाचे गठ्ठे! यांचं काहीतरी करा हो. झाडू फिरत नाही, माणूस फिरत नाही."

तो ग्रंथ म्हणजे भिंगकाकांची आयुष्यभराची तपश्चर्या : 'कूटवस्तुलक्षण', खंड पहिला आणि दुसरा. अस्सल आणि बनावट वस्तू ओळखाव्या कशा, याचे सांगोपांग विवेचन. पदरमोड करून छापलेला, जाड पुठ्ठ्यात बांधलेला. एक संच संग्रहालयाच्या संचालकांनी निरोपसमारंभात हसतमुखाने स्वीकारला होता. उरलेले सारे संच ग्राहकांच्या प्रतीक्षेत ओट्याजवळ, पलंगाखाली आणि दाराशी निष्ठेने तिष्ठत होते.

* * *

भिंगकाका तयारीनिशी गेले. कंपनीची माहितीपत्रके त्यांनी आठवडाभर घोकली होती. मागच्या काचेला वायपर असेल तर मिड किंवा टॉप. दारांच्या मुठी चांदीसारख्या चकाकत असतील तर टॉप. चावीऐवजी गोल बटण असेल तर टॉप. छताला काच असेल तर टॉपच टॉप! धूर दिसला की अग्नी असणारच, इतके ते सरळ होते.

गाडीबाजार म्हणजे पत्र्याच्या छपराखालचे एक लांबरुंद आवार. तेथे साबणाने धुतलेल्या गाड्या, उपवर मंडळींसारख्या, तोंडे उजळून ओळीने उभ्या होत्या. बाजाराचा मालक म्हणजे एक स्थूल, घामट, प्रेमळ गृहस्थ. सगळे त्याला मामा म्हणत. मात्र आजवर त्याने कुणालाही मामा बनवल्याचे ऐकिवात नव्हते.

भिंगकाकांनी खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले. मामा दचकला.

"साहेब, हे कशाला?"

"वस्तूला घाम लागू नये म्हणून."

"पण साहेब, गाडीय ती. हात तर लावायलाच पाहिजे."

"आम्ही लावत नाही," भिंगकाका म्हणाले. "चुकून लागला, तर निदान मोज्यातला लागावा."

ओळीच्या टोकाला एक राखाडी गाडी उभी होती. तिच्या पाठीवर बेसची पाटी होती आणि काचेवर बेसचाच भाव लिहिला होता. भिंगकाका सहज तिच्यापाशी थांबले आणि थांबले ते थांबलेच! मागच्या काचेला वायपर होता. दारांच्या मुठी चांदीसारख्या चकाकत होत्या. त्यांनी टाचा उंचावून पाहिले : छतावर काळीभोर काच! त्यांनी दारातून आत मान घातली. स्टिअरिंगशेजारी गोल बटण! आणि सीटच्या कडेला, अहाहा, दांडी! त्यांनी भिंग लावले. दांडीवर कंपनीची नाममुद्रा स्पष्ट कोरलेली होती. बटणावरही तीच. वायपरवरही तीच. एकही वस्तू बनावट नव्हती!

त्यांच्या छातीत तीच जुनी पितळी घंटा वाजू लागली. पुन्हा चुकीची पाटी! पुन्हा कोपऱ्यात पडलेले रत्न!

"साहेब," मामा मागून म्हणाला, "ही बेस आहे बरं का."

भिंगकाका मनातल्या मनात हसले.

"असं?"

"हो. म्हणजे दिसते टॉपसारखी, पण तिचा आधीचा मालक फार हौशी होता, त्याने काय केलं—"

"थांबा!" भिंगकाकांनी मोजा घातलेला तळहात वर केला. "मालकाचं चरित्र मला नको. विकणाऱ्याचा शब्द आम्ही ऐकत नसतो. वस्तूला बोलू द्या."

"वस्तू काय बोलणार साहेब? मी सांगतो ना! ही बटणं जी आहेत, ती—"

"एक अक्षर नको!"

मामाने निदान कागद तरी दाखवावे म्हणून गाडीची कागदपत्रे आणली. त्यांतही बेस असेच लिहिले होते. भिंगकाकांनी ती दुरूनच वाचली आणि 'लेखनिकाचा प्रमाद' म्हणून परत केली.

"बरं, एक चक्कर तरी मारू," मामा काकुळतीला येऊन म्हणाला. "तुम्ही चालवा."

"मला चालवता येत नाही. तुम्ही चालवा, मी निरीक्षण करतो."

मामाने चावी घातली, फिरवली आणि गाडी सुरू झाली. भिंगकाकांना त्याची कीव आली. समोर एवढे सुंदर बटण असताना हा मनुष्य चावी फिरवतो! याला स्वतःच्या मालाची ओळखच नाही! गाडी मात्र लोण्यासारखी धावली. मामा वाटेत दोनदा म्हणाला, "साहेब, तुम्ही इकडे या, सीटवर बसून बघा, ती दांडी ओढून बघा." भिंगकाका म्हणाले, "डोळ्यांनी पाहिली, तेवढं पुरे." ज्यांच्या संग्रहालयात वस्तूला हात लावणाऱ्याला पहारेकरी बाहेर काढीत असत, त्यांनीच आता दांडी ओढावी?

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भिंगकाका पंडित होते तसेच प्रामाणिकही होते. आवारात परत आल्यावर त्यांचे मन त्यांना खाऊ लागले. एका अजाण माणसाच्या अज्ञानाचा लाभ घेऊन रत्न गारगोटीच्या भावात न्यावे, हे त्यांना पटेना. त्यांनी घसा खाकरला.

"मामा, मी हिचा काचेवरचा भाव देणार नाही."

"ठीक आहे साहेब, थोडं कमी करू."

"कमी नव्हे. जास्त!"

मामाने कानात बोट घालून हलवले.

"काय म्हणालात?"

"मी मिडचा भाव देतो."

"अहो साहेब, ही बेस आहे!"

"बेस तुम्ही समजता. माझी सदसद्विवेकबुद्धी मला तसं समजू देत नाही."

"तुमची बुद्धी असेल मोठी, पण गाडी बेसच आहे हो! मी काचेवर लिहिलाय तोच भाव खरा! त्याहून कमीसुद्धा घेतो!"

"तुम्ही उतरू नका! मी चढवतोय!"

अशी उलटी घासाघीस त्या आवारात पूर्वी कधी झाली नव्हती. गिऱ्हाईक भाव वर ढकलीत होते आणि विकणारा तो खाली ओढीत होता! पलीकडे एक गृहस्थ आपल्या सासूबाईंना घेऊन गाडी बघत उभा होता. सासूबाईंचे कान टवकारले.

"जावईबापू," त्या कुजबुजल्या, आणि त्यांची कुजबुज अर्ध्या आवाराला ऐकू गेली, "तो म्हातारा बघितलात? हातमोजे घालून आलाय! भिंग लावून बघितली त्याने! आणि जास्त पैसे देतोय! त्या गाडीत काहीतरी आहे!"

"काय असणार आई?"

"ते घेतल्यावर कळेल! तुम्ही आपले रंग बघत बसा. अहो मामा! ती राखाडी गाडी आम्हाला द्या! मिडचा भाव आम्हीही देतो!"

"बाई, ती बेस आहे!" मामा कळवळून ओरडला.

"बघा, बघा, लपवतोय!" सासूबाई जावयाला म्हणाल्या. "वर थोडे आणखी देतो म्हणावं!"

भिंगकाकांचे रक्त तापले. अस्सल वस्तू अडाण्यांच्या हाती जाताना पाहणे, हे परीक्षकाला प्राणांतिक दुःख असते.

"टॉपचा भाव!" ते गरजले.

सासूबाईंनी जावयाकडे पाहिले. जावयाने खिशावर हात धरून आकाशाकडे पाहिले. सासूबाईंनी नाक मुरडले.

"जाऊ दे. एवढं द्यायला आपण काही वेडे नाही."

मामाने दोन्ही हात जोडले.

"साहेब, माझ्या डोक्याचं भजं झालंय. टॉपचा भाव मी घेणार नाही. पाप लागेल मला!"

"आणि न दिल्यास मला लागेल," भिंगकाका गंभीरपणे म्हणाले. "दोघांपैकी वयाने मी मोठा आहे. ते मला टाळू द्या."

या युक्तिवादापुढे मामाचे काही चालले नाही. पैसे मोजून घेताना त्याचा चेहरा लुटल्या गेलेल्या माणसासारखा दिसत होता. गाडी त्याने स्वतः चालवत घरापर्यंत आणून दिली. सबंध वाटेत तो एकच वाक्य बोलला, "बाईंना म्हणावं, मला फोन करा." भिंगकाका मागच्या सीटवर, पहाऱ्यावरच्या रखवालदारासारखे, कशालाही न टेकता बसले होते.

* * *

डॉक्टरबाई दुपारी घरी आल्या त्या फोनवर बोलतच. "हो, हो, निघाले. वासरू आडवं आलंय ना? ओढू नका! मी येईपर्यंत कुणी हात घालू नका!" त्यांनी फोन ठेवला आणि दाराशी उभी असलेली राखाडी गाडी पाहिली.

"मिळाली? बरं झालं, देवासारखी वेळेवर आली! सीट वर येते ना?"

"सीट?" भिंगकाका हसले. "अगं, टॉप आहे ती टॉप! बेस म्हणून विकत होता तो! मी ओळखली. एकेक लक्षण भिंगाखालून घातलंय मी! सर्वलक्षणसंपन्न आहे!"

"शाबास!" डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून म्हणाल्या. भिंगकाकांनी पुढे आयुष्यभर तो 'शाबास' जपून ठेवला, कारण तो फार थोडा वेळ टिकला.

डॉक्टरबाई पिशवी टाकून सीटवर बसल्या आणि स्टिअरिंगच्या मागे अंतर्धान पावल्या. काचेतून केवळ अंबाड्याचे टोक दिसत होते.

"दांडी कुठेय? हां, सापडली."

आतून 'टक्' असा आवाज आला. मग खिडकीतून एक हात बाहेर आला. हातात दांडी होती.

"ही धरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अगं, मोडलीस की काय!"

"मोडायला ती जोडलेली असावी लागते. चिकटवलेली होती ही. तुम्ही ओढून बघितली नव्हती?"

"मी... पाहिली होती."

"ओढून?"

"भिंगातून."

डॉक्टरबाईंनी गोल बटण दाबले. बटण आत गेले आणि आतच राहिले. आत कुठेतरी काहीतरी खाली पडल्याचा बारीक आवाज आला. त्यांनी मागचा वायपर लावू पाहिला. वायपर ध्यानस्थ होता. त्या उतरल्या, चवड्यांवर उभ्या राहून छताच्या काळ्याभोर काचेची कड नखाने उचलली, आणि वीतभर सनरूफ सोलून निघाले.

"चिकटकागद," त्या म्हणाल्या. "चांगल्या प्रतीचा आहे."

त्यांनी मामाला फोन लावला. फोनमधला मामाचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता.

"बाई, मी देवाशपथ सांगतो, मी तीनदा सांगायला गेलो! ती बेसच आहे! आधीचा मालक हौशी होता हो. भंगारातून टॉपचे सुटे भाग आणायचा आणि आपल्या बेसला चिकटवायचा. दर वाढदिवसाला एकेक दागिना! सगळं अस्सल कंपनीचंच, पण आत कशाला काही जोडलेलं नाही! साहेब मला बोलूच देईनात! आणि वर जबरदस्तीने टॉपचा भाव देऊन गेले! जास्तीचे पैसे मी वेगळे काढून ठेवलेत. तुम्ही या आणि घेऊन जा, मला जेवण जात नाहीये!"

"येईन उद्या. तुम्ही जेवून घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला.

भिंगकाका दांडी हातात धरून उभे होते. धूर दिसला तर अग्नी असणार, हे खरे. पण कुणी हौशी मनुष्याने नुसता धूरच आणून चिकटवला, तर करायचे काय? या प्रश्नाचा विचार 'कूटवस्तुलक्षण'च्या दोन्ही खंडांत कोठेही केलेला नव्हता.

"तिकडे गाय अडलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, आणि भिंगकाकांना तेच अधिक झोंबले. "भाड्याची गाडी मागवली तर ती केव्हा येणार? उशी घेऊन उतारावर ब्रेक दाबला तर मीच काचेतून बाहेर. काहीतरी टणक हवं. न दबणारं. न घसरणारं."

"पाट देऊ?"

"पाटाला खिळे वर आलेत." त्यांची नजर अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून दाराशी गेली. तेथे ती थबकली. "अहो."

"काय?"

"तो गठ्ठा सोडा."

"कोणता गठ्ठा?" भिंगकाकांनी विचारले, वास्तविक त्यांना ते कळले होते.

"खंड पहिला आणा."

भिंगकाकांनी गठ्ठ्याची दोरी सोडली. हातमोजे अजून हातात होतेच. दोन्ही हातांवर आडवा धरून, एखादी मौल्यवान मूर्ती दालनात न्यावी तसा त्यांनी पहिला खंड आणला आणि सीटवर ठेवला. डॉक्टरबाई त्यावर बसल्या. काचेतून त्यांचे कपाळ दिसू लागले.

"दुसरा."

दुसरा खंड आला. आता संपूर्ण डॉक्टरबाई दिसू लागल्या. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून पाहिला, डावीकडे झुकून पाहिले, उजवीकडे झुकून पाहिले, शेवटी मुद्दाम जोरात आदळून पाहिले.

"दबत नाही," त्या म्हणाल्या. "घसरत नाही. बांधणी भक्कम केलीत हो!"

आणि चावी फिरवून त्या निघूनही गेल्या. राखाडी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा भिंगकाकांनी दांडीवर पुन्हा एकदा भिंग धरले. नाममुद्रा अस्सल होती. त्याबाबतीत तरी त्यांची चूक झालेली नव्हती!

* * *

संध्याकाळी डॉक्टरबाई परतल्या. गाय सुखरूप, वासरू त्याहून सुखरूप. हातपाय धुऊन त्या खुर्चीत बसल्या. भिंगकाकांनी न सांगता चहा पुढे केला आणि टीकेला सामोरे जाण्यासाठी मान किंचित पुढे झुकवली.

"इंजिन उत्तम आहे गाडीचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठेवू आपण ती."

"आणि सीट?"

"तिला आता काही करायला नको. पूर्वीच्या गाडीतसुद्धा मला रस्ता इतका स्वच्छ दिसला नव्हता." त्यांनी चहाचा घोट घेतला. "अहो, एक काम होतं. दवाखान्याच्या जीपचीही सीट खालीच आहे, म्हणून ती नुसती उभी असते. तुमच्या ग्रंथाचा आणखी एक संच मिळेल का?"

भिंगकाका ताठ झाले. ग्रंथ छापून झाल्यापासून कुणी तो आपण होऊन मागण्याची ही पहिलीच वेळ होती! गळ्यातले भिंग त्यांनी सावरले, खिशातले पेन काढले आणि शक्य तितक्या सहजपणे विचारले :

"स्वाक्षरी करून देऊ?"

"द्या ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आतल्या पानावर करा हं. वर केलीत, तर शाई कपड्यांना लागते."